खरं बोलायचा भाव

‘कन्यादान’चं नाव काढलं की आपल्या बैठकीत दोन मिनिटांत आवाज चढतात. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९८३ साली रंगमंचावर आलं. १९९३ सालचा सरस्वती सन्मान त्यांना याच नाटकासाठी मिळाला. पण आपल्या लोकांचा सवाल तेव्हा होता तोच आजही आहे : दलित कवी अरुण आठवले हा दारू पिणारा, बायकोला तुडवणारा असाच का रंगवला? सवाल खरा आहे. मी तो टाळणार नाही, त्याच्याकडं येणारच आहे. पण आधी दुसरं बोलायचंय.

मी नववीपर्यंत शिकलो. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. समीक्षा मला कुणी शिकवली नाही. तिसऱ्या पाळीवरून आलो की झोप येईस्तोवर वाचतो, तेवढाच माझा अभ्यास. ‘कन्यादान’ मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अरुणच्या रागानं वाचलं, त्यामुळं फक्त अरुण दिसला. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आलं की या नाटकात कुणीच कुणाकडं सरळ काही मागत नाही. बाप मुलीला मागत नाही, नवरा बायकोला मागत नाही, बायको नवऱ्याला मागत नाही. जो तो दुसऱ्याची दुखरी नस हुडकतो आणि तिच्यावर बोट ठेवतो. मग समोरचा आपणहून पाहिजे तसा वागतो.

शिकलेली माणसं याला मॅनिप्युलेशन म्हणतात. आपल्याकडं याला शब्दांची ददात नाही. घोळात घेणं, गुंडाळणं, भरीस घालणं, कान भरणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. ज्या गोष्टीला इतके शब्द, ती गोष्ट घरोघरी चालते हे उघड आहे. आता सवाल असा की ही गोष्ट मुळातच वाईट, की करणारा कोण आणि कशासाठी, यावर ते ठरतं?

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक शाळेतलं : लबाडी ती लबाडी, सत्यमेव जयते. दुसरं नाक्यावरचं : सगळेच करतात रे, आई लेकराला चांदोबा दाखवून घास भरवते ते काय वेगळं आहे? दोन्ही उत्तरं मला फुकटची वाटतात. पहिलं देणाऱ्याला खरं बोलायला कधी पैसे पडलेले नसतात. दुसरं देणारा बहुतेक वेळा स्वतःच कुणाला तरी गुंडाळून बसलेला असतो.

म्हणून मी पुस्तकांकडं गेलो. आपल्या माणसांनी हा सवाल फार आधीपासून लिहून ठेवलाय.

सगळ्यात आधी जोतीराव फुले. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं, आणि छापून यायला १९७९ साल उजाडलं. नाटकात एक जोशी कुणब्याच्या घरी येतो. घरात पोटुशी बाई आहे. तो हात उगारत नाही, दमदाटी करत नाही. बाईच्या पोटातल्या लेकराविषयी बोलतो, ग्रहाची भीती घालतो, शांतीचा उपाय सांगतो. बाई आणि तिचा नवरा आपल्या हातानं, आपल्या पैशानं ब्राह्मणांना जेवू घालतात. कुणी लुटलं म्हणावं तर लूट दिसत नाही. घोळात घेणं यालाच म्हणायचं. जबरदस्तीत माणसाला ओढत नेतात. इथं माणूस आपल्या पायानं चालतो, रस्ता दुसऱ्यानं आखलेला असतो, आणि चालणाऱ्याला वाटतं आपणच निघालो.

त्याच नाटकात एक पाद्रीही आहे. तोसुद्धा या नवराबायकोचं मन वळवायलाच बोलतो. त्याचाही हेतू आहे. मग जोशी आणि पाद्री सारखेच का? मला फरक असा दिसतो : जोशाचं बोलणं सवाल विचारला की विरतं. बाईनं ‘ग्रह कुठं आहे, दाखव’ म्हटलं असतं तर त्याचा धंदा तिथंच बसला असता. पाद्री वाद घालतो, आणि वादात समोरच्यालाही तोंड असतं. समजावणं आणि गुंडाळणं यांतला फरक एवढाच धरून ठेवू : विचारल्यावर टिकतं ते समजावणं, विचारू न देण्यावर टिकतं ते गुंडाळणं. म्हणून तर जोतीराव शेवटी या दोघांना रात्रीच्या शाळेच्या वाटेला लावतात. जोशाला सुधारा असं ते म्हणत बसत नाहीत. बाईला सवाल विचारता यायला पाहिजे, हा त्यांचा इलाज आहे.

इथवर सगळं सोपं आहे. वरचा माणूस खालच्याला गुंडाळतो, ते वाईट. पण खालचा माणूस वरच्याला गुंडाळतो तेव्हा?

१९१७ साल. बाबासाहेब परदेशातून शिकून आले आणि बडोद्याच्या नोकरीवर हजर झाले. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितली आहे. राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. पारशांच्या सरायीत रखवालदारानं विचारलं, तेव्हा कळलं की पारशाशिवाय कुणाला जागा नाही. रखवालदाराला गिऱ्हाईक पाहिजे होतं, यांना छप्पर. दिवसाला दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहिलं गेलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांनी बाबासाहेबांना बाहेर काढलं.

हकीकतीतला हा भाग आपल्याला पाठ आहे. पण त्याच पानांवर आणखी दोन माणसं आहेत, त्यांच्याकडं आपण बघत नाही. सरायीतून निघायची पाळी आल्यावर बाबासाहेबांनी दोन मित्रांकडं विचारणा केली. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, माझी बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. बाबासाहेबांना पुढं कळलं की हे उत्तर मुत्सद्दीपणाचं होतं. दोघं नवराबायको मूळचे ब्राह्मण, नवरा विचारानं मोकळा झाला होता, बायको जुन्याच वळणाची राहिली होती, ती अस्पृश्याला घरात घेणार नव्हती.

आता तुलना करा. एका बाजूला वहीतलं पारशी नाव. ते खोटं आहे, शंभर टक्के खोटं. दुसऱ्या बाजूला मित्राचं ‘बायकोला विचारतो’. त्यात खोटा शब्द एकही नसेल. बायको खरंच येणार असेल, तिला विचारावंही लागत असेल. शाळेतल्या उत्तराप्रमाणं बाबासाहेब लबाड आणि मित्र सभ्य. हा हिशोब कुणाच्या तरी पचनी पडेल का?

मला यातून मोजायचं एक माप सापडलं. खरं बोलायला प्रत्येकाला काही ना काही किंमत पडते. तिला मी खरं बोलायचा भाव म्हणतो. बडोद्यात खऱ्या नावाचा भाव होता रात्रीचं छप्पर. हा भाव बाबासाहेबांनी चढवला नव्हता, गावानं चढवून ठेवला होता. मित्राला खरं बोलायला काय पडलं असतं? ‘माझ्या घरात तुला घेता येत नाही, मला लाज वाटते’ एवढं म्हणायला एक ओशाळी संध्याकाळ पडली असती. तेवढीही त्यानं दिली नाही, शब्द गोड करून स्वतःची लाज वाचवली. म्हणून पहिला सवाल हा विचारायचा : खरं बोलायचा भाव कुणी चढवून ठेवला? ज्यानं चढवला, त्याला ‘तू खोटं का बोललास’ असं विचारायचा अधिकार नाही.

बाबूराव बागुलांनी हाच सवाल कथेत घेतला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. त्या नावाच्या कथेतला तरुण मुंबईहून उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. नावातला शब्द बघा : चोरली. लपवली म्हटलं असतं तर चाललं असतं. जात त्याची स्वतःची, मग चोरी कुणाच्या मालाची? बागुल तो शब्द त्या लोकांच्या तोंडचा उचलतात, ज्यांना वाटतं की तुझी जात ही आमची मालमत्ता, ती दाखवत फिरणं तुझं काम.

पण बागुलांचं मोठेपण पुढं आहे. रामचरण तिवारी नावाचा उत्तर भारतीय कामगार या तरुणाच्या कवितेवर लुब्ध होतो. त्याला मान देतो, घरी जेवायला नेतो. तो घास वाचणारासुद्धा भीत भीत गिळतो. इथं कथा अवघड होते. खोलीसाठी घरमालकाला फसवलं, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण तिवारी त्याच्यावर जीव लावतोय. हे प्रेम खोट्या नावावर जमा होतंय. तरुणानं तिवारीचं काही लुबाडलेलं नाही, तरी त्या मैत्रीतून त्याला काही काढूनही घेता येत नाही, कारण ती त्याची नव्हेच. दुसऱ्या बाजूला काशिनाथ सकपाळ आहे. तो जात लपवत नाही, अपमान झाला की अंगावर जातो. शेवटी भांडं फुटतं, मार पडतो, आणि सोडवायला येतो तो काशिनाथच. मारणाऱ्यांचा राग तरुण त्या माणसांवर काढत नाही, त्यांच्यामागं उभ्या असलेल्या मनूवर ठेवतो.

म्हणजे बागुल सांगतात : जात लपवणं पाप नव्हतं. पण ते फुकटही पडलं नाही. भाव दुसऱ्यानं चढवलेला असला तरी नुकसान आपल्या नात्याचं झालं. हे दोन्ही एकदम ध्यानात ठेवलं पाहिजे. आपले काही मित्र पहिलंच ध्यानात ठेवतात.

आता गिरणीतलं सांगतो, कारण मला पुस्तकातलं माप कामावर लावून बघायची सवय आहे. जॉबर येऊन खांद्यावर हात टाकतो, म्हणतो, ‘तू तर घरचा माणूस, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.’ की समजायचं, डबल पाळी आली. मग आपण म्हणायचं, ‘मामा, घरी आजारपण आहे.’ आजारपण नसतं, डोळ्यांत झोप असते. त्यानं आपल्याला गुंडाळलं, आपण त्याला. दोन्ही सारखं? जॉबरला सरळ म्हणता येतं, माणूस कमी आहे, थांबशील का? त्याला काही पडत नाही. मी सरळ म्हटलं, मला झोपायचंय, तर पुढच्या आठवड्यात मी साच्यावर नसेन, गेटाबाहेर असेन. भाव वेगवेगळा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी भरती जॉबरच्याच हातात असायची. काम मिळवायला आणि टिकवायला दस्तुरी द्यायची, सण आला की भेट द्यायची, गावचं नातं काढायचं, पुढं पुढं करायचं. रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९३१ सालच्या अहवालात जॉबरच्या लाचखोरीची नोंद आहे. कामगारांनो, जॉबरला लोणी लावू नका, असं कीर्तन करून ते थांबलं असतं का? १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची पद्धत आणली. बदलीवाल्यांना कार्ड दिलं, रिकामी जागा कार्डवाल्यांतून भरायची असं ठरवलं. जॉबरचं राज्य त्यानं संपलं नाही, पण मर्जीला पहिली वेसण पडली. जिथं नेम असतो तिथं खुशामतीची गरज कमी होते. घोळ कमी करायचा असेल तर खरं बोलायचा भाव उतरवावा लागतो. हेच जोतीरावांनी रात्रीच्या शाळेचं नाव घेऊन सांगितलं होतं.

आता ‘कन्यादान’कडं येतो.

नाथ देवळालीकर आमदार आहेत, समाजवादी आहेत. ज्योती घरी सांगते, मी दलित मुलाशी लग्न करणार. आई सेवा आणि भाऊ जयप्रकाश यांना शंका आहे. अरुणला घरी आणल्यावर ती शंका वाढते. तो मुलीचा हात पिरगाळतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. नाथ मात्र आनंदात आहेत. घरात जात मोडली, याचा आनंद. नाथ ज्योतीला ‘लग्न कर’ असा हुकूम देत नाहीत. त्याची गरजच नाही. लहानपणापासून तिला जी शिकवण दिली, तिच्यावर ते नुसतं बोट ठेवतात. मागं फिरली तर ती बापाच्या नजरेतून उतरेल, स्वतःच्याही. मुलगी आपल्या पायानं चालते, रस्ता बापाचा. नाथांना खरं बोलायला काय पडत होतं? ‘पोरी, मला हा माणूस बरोबर वाटत नाही, पण तसं म्हणायला माझ्या भाषणांची मला लाज वाटते’ एवढंच. हा भाव कुणी चढवलेला नाही, त्यांच्या प्रतिमेनं चढवलाय. म्हणून नाथांचा घोळ मला नाटकातला पहिला अपराध वाटतो. तो प्रेमळ आहे म्हणून हलका ठरत नाही.

मग अरुण. मारतो, आणि मागून माफी मागायला येतो. तेव्हा तो काय पुढं करतो? आपण कुठं जन्मलो, काय बघत वाढलो, आमच्यात असंच असतं, ते पुढं करतो. मित्रांनो, इथं मला तेंडुलकरांचा राग येत नाही. अरुणचा येतो. आपल्या बापजाद्यांनी जे सोसलं त्याची किंमत तो बायकोच्या अंगातून वसूल करतो, आणि पावती आपल्या नावानं फाडतो. ज्योतीनं सवाल विचारायचा तर तो तिच्या नवऱ्याला राहत नाही, साऱ्या दलितांना विचारल्यासारखा होतो. ज्या मुलीला बापानं नेमका हाच सवाल न विचारायला शिकवलंय, तिचं तोंड त्यानं बंद केलं. वेदनेचा असा उपयोग जोशाच्या ग्रहासारखाच आहे. विचारू न देण्यावर तो टिकतो.

पुढं अरुणचं आत्मचरित्र गाजतं. त्यावरच्या सभेला नाथांनी अध्यक्ष व्हावं म्हणून मंडळी घरी येतात. मुलगी पोटुशी, तिला लाथा बसल्यात, हे नाथांना ठाऊक आहे. ते नकार देतात. मग सेवा त्यांना सांगते, तुम्ही नाही गेलात तर तो राग पोरीवर निघेल. नाथ जातात. पुस्तकाची तोंडभर स्तुती करतात, जी त्यांना मनातून खोटी वाटते.

इथं माझं पहिलं माप लावून बघा. खरं बोलायचा भाव कुणी चढवला? अरुणनं, मुलीला ओलीस धरून. मग नाथांचं भाषण बडोद्याच्या पारशी नावासारखंच झालं का? नाही. इथं दुसरा सवाल विचारावा लागतो : उधारी कुणाच्या खात्यावर मांडली? बडोद्यात खोट्या नावाचं जे काही व्हायचं ते नाव लिहिणाऱ्याच्या डोक्यावर होतं. काठ्या त्याच्यासमोर आल्या. नाथांच्या भाषणाचं बिल ज्योतीच्या नावावर आहे आणि ज्योतीला कुणी विचारलेलं नाही. आईबापांनी आपसात ठरवलं की तिला कशानं वाचवायचं. ज्योतीजवळ एकच गोष्ट शिल्लक होती : माझा बाप खोटं बोलत नाही. तेवढ्या एका भिंतीला पाठ टेकून ती उभी होती. तिला वाचवायच्या नावाखाली बापानं तीच भिंत विकली.

म्हणून सभेनंतर ज्योती येते आणि बापाला फाडून खाते. तिचा राग भाषणापुरता नाही. माणसातला वाईटपणा वेगळा काढून फेकता येतो, असं तुम्ही शिकवलंत, मला तसं वेगळं काढता येणारं काही सापडलं नाही, असा तिचा हिशोब आहे. शेवटी ती आठवलेची होऊन परत जाते आणि बापाला आपल्याकडं यायची बंदी करते. तिचं जाणं बरोबर की चूक, यावर लोक भांडतात. मला एवढं दिसतं की साऱ्या नाटकात सरळ बोलणारी ती एकच वेळ आहे. त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी काय वाटतं ते तोंडावर सांगितलं, आणि तोवर उशीर झाला होता.

आता आपला मूळचा सवाल. तेंडुलकरांनी अरुण असाच का रंगवला? असे अरुण नसतात, असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. हे नाटक घडतं ते देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. अरुण येतो तो पाहुणा म्हणून येतो, बाहेरून येतो. तो आणि ज्योती राहतात ती जागा आपल्याला दिसत नाही. तिथलं जे काही कळतं ते दुसऱ्याच्या तोंडून, जखमा बघून कळतं. एकटा अरुण, लिहिताना, खोली हुडकताना, मारून झाल्यावर रात्री बसलेला, आपल्यापुढं येत नाही. त्यामुळं बघणारा न कळत नाथांच्या खुर्चीत बसतो. घर आपलं, भीती आपली, दारावर थाप बाहेरच्याची. तेंडुलकर एक शब्द खोटा बोललेले नाहीत. खुर्ची तेवढी त्यांनी ठरवून मांडली. ‘बायकोला विचारतो’ म्हणणाऱ्या मित्रासारखं आहे हे. लेखकानं बघणाऱ्याला घोळात घ्यायचं नाही असं मी म्हणत नाही, कलेत ते चालायचंच. पण ज्या नाटकाचा विषयच घोळ आहे, त्यानं आपला घोळ मात्र झाकून ठेवावा, हे मला खटकतं.

हे बोलून मी थांबलो असतो तर आपल्या बैठकीत टाळ्या पडल्या असत्या. पण तीच दोन मापं आपल्या घराला लावल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येत नाही.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यात आपल्याच वस्तीतल्या सुनांचे हाल आहेत. सासू पोराचे कान भरते, आणि पोरगा उठून बायकोचं नाक कापतो. कान भरणाऱ्या सासूच्या हातात सत्ता म्हणून तेवढीच होती. ती स्वतः तशाच सासूच्या हाताखालून आलेली. भाव तिच्यावरही कुणीतरी चढवलेलाच. पण उधारी तिनं सुनेच्या खात्यावर मांडली. बेबीताई कुणाला झाकत नाहीत. गावानं आपल्याला कसं वागवलं तेही त्या लिहितात आणि आपण आपल्या बायकांना कसं वागवलं तेही.

आणि हे लेखन त्यांनी कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. हे त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. कागद घरात दडवून ठेवायचे, तो नसताना लिहायचं. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली बाई, आणि ती आपल्या माणसापासून आपलं लिहिणं चोरते. बागुलांच्या त्या तरुणासारखंच हे आहे, फक्त या वेळी दारात काठी घेऊन उभा असलेला माणूस परका नाही.

ही फसवणूक वाईट होती, असं म्हणणारा माणूस मला भेटू दे. पहिला सवाल विचारा : खरं बोलायचा भाव कुणी चढवला होता? दुसरा विचारा : बिल कुणाच्या नावावर पडलं? वर्षानुवर्षं ती भीती तिनं एकटीनं वाहिली. दुसऱ्या कुणाच्या खात्यावर तिनं काही मांडलं नाही, उलट आपल्या सगळ्यांच्या खात्यात एक पुस्तक जमा केलं.

म्हणून मूळ सवालावर माझं म्हणणं असं. घोळात घेणं हे दर वेळी पाप नाही. पण ते दर वेळी नुकसान आहे, आणि ते नुकसान कुणीतरी भरतो. स्वतः भरायला तयार असलेला, दुसरी वाट बंद झालेला माणूस मला लबाड वाटत नाही. वाट मोकळी असून गोड बोलणारा, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर टाकणारा, मग तो जोशी असो, आमदार असो नाहीतर आपला कवी असो, मला लबाड वाटतो.

आता आपल्या कवींना दोन शब्द, मीही त्यांतलाच. आपण सभेत ओरडतो की आम्ही खरं लिहितो. ते ठीक आहे. पण घरी गेल्यावर बायकोला आपल्याशी खरं बोलायला काय भाव पडतो, ते कधी विचारून बघा. ‘तुमची ती कविता मला खोटी वाटली’ असं ती म्हणू शकते का? ‘आज मला कंटाळा आलाय, भाकरी तुम्ही थापा’ म्हणू शकते का? म्हणू शकत नसेल, आणि पोटदुखीचं निमित्त सांगून ती पडून राहत असेल, तर तिच्या त्या निमित्तावर रागावू नका.

तेंडुलकरांनी न दाखवलेली ती खोली, अरुणची आणि ज्योतीची, आपल्यातल्या कुणीतरी लिहायला पाहिजे. माझी एकच अट आहे. ती आधी ज्योतीला लिहू द्या, आणि तिची वही घरात उघड्यावर राहील असं बघा.